तिसऱ्या बंदरावरची सहल

"तिसऱ्या बंदरावर आम्हा दोघांना वेगवेगळं पाठवा," औषधवाले काका म्हणाले. "आणि हे मी सांगितलंय, असं हिला कळता कामा नये."

सहलताईंनी पेन खाली ठेवलं. पर्यटन कंपनीच्या ऑफिसात बसून त्या गेली बारा वर्षं क्रूझच्या प्रवाशांच्या किनाऱ्यावरच्या सहली ठरवत होत्या. बोट कुठल्या बंदरात किती वाजता लागणार, कोणती बस कुठून सुटणार, परत कधी यायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. पण नवरा-बायकोला मुद्दाम वेगळं करा, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"काकूंना कुठे पाठवू?"

"त्या डोंगरावरच्या बागा आहेत ना, तिकडे. लांब आहेत, पण हिला फुलांचं वेड. संध्याकाळपर्यंत रमेल." काकांनी आवाज खाली आणला. "पासपोर्ट उतरताना जवळ ठेवता येतो?"

"येतो. पण कशाला?"

"एका ठिकाणी दाखवावा लागणार आहे."

ताईंना वाटलं, दागिन्यांचं दुकान. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आई-वडिलांना ही सफर भेट दिली होती. ताई गालातल्या गालात हसल्या.

उठता उठता काका म्हणाले, "हिला साखर चालत नाही. शेवटच्या दोन दिवसांचं बोटीच्या स्वयंपाकघराला आधीच कळवून ठेवा. मी विसरेन."

त्यांचं औषधांचं दुकान तीस वर्षं चाललं होतं. विसरणाऱ्यांतला माणूस नव्हता तो.

दोन दिवसांनी काकू आल्या. एकट्याच. पदराने घाम टिपत त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"ह्यांना सांगू नका हं मी आले होते ते. तिसऱ्या बंदरावर ह्यांना कुठेतरी दिवसभर गुंतवा."

ताई बघतच राहिल्या. "जुन्या जहाजांचं संग्रहालय आहे. चालेल?"

"पळेल. पाटी न् पाटी वाचतील." काकूंनी क्षणभर विचार केला. "मी त्या डोंगरावरच्या बागा बघेन म्हणते. तिथली माणसं परत बसमध्ये मोजतात का हो?"

"मोजतात. पण आधी सांगून ठेवलं, तर आपापलं परत येता येतं."

"मग सांगून ठेवा. आणि चाकांची बॅग खाली नेता येते ना? लहानशीच आहे."

"येते की. भेटवस्तू मोठी आहे वाटतं?"

काकू नुसत्या हसल्या. "ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या केबिन आवरणाऱ्याला आठवणीने द्यायला सांगा. सकाळी एक, रात्री अर्धी."

"तुम्ही असालच ना तिथे."

"असते की. पण माझा डोळा लागतो."

काकू गेल्यावर ताईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या. काका उत्तरेला, काकू दक्षिणेला. काकू बागेत आहेत असं समजून काका गुपचूप खरेदी करणार. काका संग्रहालयात आहेत असं समजून काकू गुपचूप खरेदी करणार. बाजार तर एकच. तिथे दोघं एकमेकांवर आदळली, तर सगळंच मुसळ केरात. ताईंचं डोकं गरगरायला लागलं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या व्हिसावाल्याला त्यांनी कागद दाखवला.

"चाळीस वर्षांनंतरही एवढी लपाछपी," तो म्हणाला. "नशीबवान आहेत."

ताईंनी कागद परत घेतला. त्यांच्या घरी कुणी कुणापासून काही लपवत नसे. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही बसच्या वेळा पुढे-मागे केल्या, गाइडना फोन केले. बाजारात दोघांची गाठ पडणार नाही, अशी चोख व्यवस्था केली. एखाद्या भाचीच्या लग्नाचं करावं तसं.

शेवटचं वेळापत्रक घ्यायला दोघं जोडीने आली. ताईंनी तोंड शक्य तितकं कोरं ठेवून वाचलं, "तिसरं बंदर. काका संग्रहालय, काकू बागा. बोट सहाला सुटेल."

"अरेच्चा, वेगवेगळं?" काका म्हणाले.

"असू दे हो. एक दिवसाचा तर प्रश्न," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी काकांची दुमडलेली कॉलर सरळ केली. काका जरा वेळ टेबलाकडेच बघत राहिले.

त्या दिवशी ताईंनी फोन समोरच ठेवला होता. दोघं भेटवस्तू घेऊन उभी आहेत, असा एखादा फोटो येईल म्हणून. साडेपाचला मेसेज आला. काकांचा.

"ताई, मी बोटीवर परत जात नाहीये. आता इकडेच राहणार. माझा शोध घेऊ नका, मी सुखरूप आहे. मुलाला सविस्तर लिहिलंय. हिला मात्र कागदावरून कळू नये, कुणीतरी शेजारी बसून सांगावं. मला चाळीस वर्षांत ते जमलं नाही."

ताईंनी तो तीनदा वाचला. अक्षरं कळत होती, अर्थ लागत नव्हता. पासपोर्ट, वेगळी सहल, साखर, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं. स्वतःच्या हाताने जुळवून दिलं होतं. केबिनमध्ये फुलांचे फोटो बघत बसलेल्या काकू त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या.

त्यांनी बोटीवरच्या सहल अधिकाऱ्याला फोन लावला. "त्यांच्या केबिनमध्ये एखाद्या वयस्कर बाईंना पाठवा. काकूंजवळ बसायला सांगा. काही बोलू नये, नुसतं बसावं. मी फोनवर सांगते त्यांना."

पलीकडे पावलं वाजली, दार उघडलं.

"इथे कुणी नाहीये," अधिकारी म्हणाला. "बाई बागेतून आल्याच नाहीत. उशीवर एक पाकीट आहे, वर तुमचं नाव आहे. उघडू?"

"उघडा. वाचा."

कागद उलगडल्याचा आवाज आला.

"'ताई, मी परत यायची नाही. ह्यांना एकदम सांगू नका. आधी जेवू द्या.'"