अंगणातली चूल

शाळेत 'आमचं घर, आमचं जेवण' असा कार्यक्रम होता. बोलायला बबिताच्या दादीला, हंसाबाईला बोलावलं होतं. बंजारा तांड्यावरून घाटंजीला येताना ऑटोत बबिता दादीच्या कानाशी लागली.

"दादी, बकऱ्याच्या रक्ताच्या सळोईचं सांगू नको. पोरी मले हसतीन."

"तुले तं लय आवडते."

"लापशीचंच सांगजो."

दादीच्या हाती माईक आला तशी बबितानं मान खाली घातली. दादीनं लापशीचंच सांगितलं. टाळ्या वाजल्या आणि बबिताचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दादीनं अंगणातली चूल पेटवलीच नाही. सळोई आत, गॅसवर ठेवली आणि दाराला कडी लावली.

"दादी, दार काहून लावलं?"

"तुह्या शाळेतली एखादी पोरगी आली तं?" दादी हळूच म्हणाली.