मागच्या दाराची बाटली

डोळे मिटा आणि समजा, तुमच्या नाकासमोर कुणीतरी बोटाएवढी बाटली धरली आहे. काच काळी आहे, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. मास्क खाली करायचा, वास घ्यायचा आणि कशाचा आहे ते सांगायचं. सांगता आलं तर आत जायचं, नाही आलं तर घरी. आता डोळे उघडा आणि रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या नकटीकडे बघा.

नकटी म्हणजे लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी. नाक एवढंसं, म्हणून सगळे तिला नकटी म्हणायचे. पण ते नाक मोठं तिखट होतं. सकाळी अंथरुणातूनच ती सांगायची, कुणाकडे कांदा परततोय आणि कुणाकडे दूध लागलंय.

"नाक आहे की हेर?" आई म्हणायची.

साथीमुळे बंद पडलेली लाँड्री नुकती उघडली होती. शाळा अजून बंदच होती. घरी दोघीच, म्हणून नकटी आईबरोबर यायची आणि दिवसभर मागच्या अंगणात गाठोड्यांवर बसून राहायची.

पुढच्या दाराने गिऱ्हाइकं यायची. त्यांना कुणी काही विचारत नसे. मोटारीतून उतरायचं, आजाऱ्याच्या चादरींचं गाठोडं काउंटरवर ठेवायचं आणि जायचं. बाटली होती ती मागच्या दाराला, कामगारांसाठी. या आजारात वास जातो, असं मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं. रोज सकाळी ते लिंबू, लवंग किंवा कॉफी यांपैकी एकाचा अर्क कापसावर टाकून बाटली वॉचमनकडे पाठवत. कोणता, ते त्यालाही सांगत नसत. त्याने आधी स्वतः हुंगायचं, मग एकेकासमोर धरायची. सगळ्यांची नाकं त्या एकाच बाटलीला लागायची.

आईला आजार होऊन गेला तो लाँड्री बंद असताना. ती बरी झाली, अंगात ताकद आली, वास मात्र आला नाही. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मालकांकडे हळूहळूला जागा नव्हती. डाग काढणारे आजोबा पहिल्याच आठवड्यात खरं बोलून बसले, "आज काही कळत नाही बुवा." वॉचमनने त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाशी दुसराच माणूस होता.

म्हणून नकटी रांगेत आईचा हात धरून उभी राहायची. बाटली उघडली की वास तिच्यापर्यंत पोचायचाच. हात एकदा दाबला तर लिंबू, दोनदा लवंग, तीनदा कॉफी.

"एवढी घोडी झाली, तरी आईचा हात सुटत नाही," वॉचमन रोज टोमणा मारायचा.

नकटी त्याला घाबरायची. तो कधी हसत नसे. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर त्याचा चहा ठेवलेला असे. तो करपून काळा झाला तरी हा रांगेवर नजर रोखून बसलेला. शेवटी नकटीच ओरडायची, "काका, चहा!"

एके दिवशी घोळ झाला. बाटलीत लवंग होती. नकटीने हात एकदा दाबला आणि तेवढ्यात मागून कुणाचा तरी धक्का लागला. हात सुटला.

"लिंबू," आई म्हणाली.

वॉचमनने आईकडे पाहिलं. मग खाली, त्या सुटलेल्या दोन हातांकडे. तो बराच वेळ बघत राहिला.

"बरोबर," तो म्हणाला. "जा आत."

दुपारी नकटीने आईला काय झालं ते सांगितलं. आईचा हात थांबला. कापड पिवळं पडायच्या आत तिने इस्त्री उचलली.

"त्याला कळलं असणार गं," ती म्हणाली. "तरी सोडलं. दिसतो तसा नाही तो."

त्यानंतर नकटीला वॉचमनची भीती वाटेनाशी झाली. त्याचा टोमणासुद्धा आपल्या माणसाचा वाटू लागला.

मग ती सकाळ उजाडली. नकटी उठली तीच गप्प. कुणाकडे काय शिजतंय, काही सांगितलं नाही. "हेर झोपलाय वाटतं आज," वेणी घालताना आई म्हणाली. उशीर झाला होता. दोघी धावतच निघाल्या.

मागच्या दारात बाटली घेऊन मालक स्वतः उभे होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या घरात आजार शिरला होता आणि त्यांनी बोट लाँड्रीकडे दाखवलं होतं. मालकांनी सांगितलं की आजपासून वास तेच देणार. चुकला तो कायमचा गेला, मग तो कुणीही असो.

"आधी वॉचमन," ते म्हणाले.

वॉचमन खुर्चीवरून उठला आणि रांगेत येऊन उभा राहिला, नकटीच्या शेजारी. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात स्टोव्हवर चहा आटून करपत होता. कुणी ओरडलं नाही.

नकटीच्या एका हातात आईचा हात होता. दुसऱ्या हातात हळूच एक खरबरीत, घामेजलेला हात आला.

तिने वर पाहिलं. वॉचमन सरळ समोर बघत होता.

मालकांनी झाकण काढलं. नकटीने श्वास घेतला. मग आणखी खोल घेतला. लिंबू नाही, लवंग नाही, कॉफी नाही. करपलेला चहासुद्धा नाही.

दोन्हीकडचे हात वाट बघत होते.

नकटीने डोळे मिटले आणि ते दोन्ही हात दाबले. दोनदा.