बारावा फोटो

वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुलावरच्या एकाच खांबापाशी उभं राहून मी पेपरसाठी नदीचा फोटो काढला. पाणी बदललं, झाडं बदलली. नावाडीकाकांची नाव मात्र अकराही फोटोंत होती. बाराव्या वेळी नदीला पूर होता. फोटो निघाला आणि पाचच मिनिटांत नाव उलटली. काका वाचले नाहीत. महिन्याने त्यांची मुलगी ऑफिसात आली. “बाबांचा फोटोच नाही घरात. तो शेवटचा द्याल?” मी प्रिंट टेबलावर ठेवली. तिने त्यावरून हात फिरवला. “असल्या पाण्यात उतरणाऱ्यांना बाबाच शिव्या घालायचे. त्या दिवशी काय दुर्बुद्धी सुचली त्यांना? दादा, तुम्ही पुलावर होतात ना? एक हाक तरी मारायचीत!” “मारली होती.” तेवढ्यानेही तिचा चेहरा निवळला. हाकेचे शब्द तिने विचारले नाहीत: “काका, नाव नदीत सोडा की! फोटोत नुसतं पाणीच दिसतंय!”