चाखायचा चमचा

कोपरीतल्या लोणच्याच्या कारखान्यात साठ वर्षं एकच नेम होता: शेवंताबाईंनी चाखल्याशिवाय बरणीला झाकण लागायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मीठ पडलेला चहा त्या निवांत प्यायल्या, तेव्हा सून कल्पिताला कळलं, सासूबाईंची चव गेलीय. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. आधी स्वतः चाखायची, मग काही न बोलता चमचा त्यांच्यापुढे धरायची. त्या "मीठ कमी आहे गं" म्हणायच्या आणि नेमकं कमीच असायचं. कल्पिताला नवल वाटायचं.

शेवंताबाईंचं तेरावं झालं, कारखाना उघडला. जुन्या कामगार लक्ष्मीमावशींनी चमचा कल्पितापुढे धरला. लोणचं जिभेवर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मावशी मात्र एकटक तिच्याकडे बघत होत्या.

"काय बघताय, मावशी?"

"आई सांगून गेल्यात. म्हणाल्या, माझी जीभ कधीच मेली. मी कल्पिताचं तोंड बघून सांगायचे. ती स्वतःहून बोलायची नाही, तूही तसंच बघत जा." मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "पण वहिनी, आज तुमच्या तोंडावरून मिठाचं काहीच कळत नाही हो."