चौदा महिन्यांचा थर

खंडेनवमीच्या सकाळी भगवंतराव प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा यंत्राला झेंडूची माळ घातलेली होती आणि झाडलोट करणाऱ्या गंगूबाई धातूच्या पाटीला हळदकुंकू लावत होत्या. पाटी लखलखत होती. भगवंतराव दारातच थांबले.

त्या यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू, तयार व्हायचा. त्याचे कण तळाच्या पाटीवर आदळायचे आणि थोडे तिथेच चिकटायचे. सूर्यासारखी ऊर्जा देणाऱ्या उद्याच्या भट्ट्यांचे तळ किती टिकतील, हे त्या थरावरून कळणार होतं. तळहाताएवढ्या पाटीवर चौदा महिन्यांत केसाहून पातळ थर बसला होता, कुठे काळा, कुठे मोरपंखी. सोमवारी दिल्लीची समिती तो बघायला येणार होती. थर दाखवला तर यंत्र चालू राहणार, नाही तर खोलीला कुलूप.

काल संध्याकाळी पाटी बाहेर काढून, टेबलावर तशीच ठेवून ते घरी गेले होते. इतकी वर्षं तसंच चालायचं. ती काचेच्या पेटीत ठेवून वर चिठ्ठी लावायचं काम त्यांची मदतनीस नीलिमा हिचं. पण नीलिमा मार्चमध्येच सिकंदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेली, त्याआधी दुसरा मदतनीस प्रकाश अमेरिकेला. देश खुला झाला आणि ती हवा सगळ्यांना मानवली, एका भगवंतरावांना सोडून. त्यांची सवय अजून गेलेल्या माणसांच्या भरवशावर चालली होती.

"लई काळी पडली होती, साहेब," गंगूबाई म्हणाल्या. "चिंच लावली, राख लावली, डाग हटतच नव्हता. मग काचकागद घेतला. दोन घंटे लागले. आता अजून एक साल आरामात चालतंय बघा."

धुतलेलं पाणी कुठे टाकलं, ते त्यांनी विचारलं. मोरीत, त्या म्हणाल्या.

भगवंतरावांना संताप आला होता. पण सुटी असून गंगूबाई आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, घरून नारळ घेऊन. या इमारतीत भगवंतरावांची वाट बघणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. तेही दुखावलं तर उद्यापासून बोलायचं कुणाशी, या विचाराने ते घाबरले. त्यांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"छान निघालीय," ते म्हणाले.

गंगूबाई खूश झाल्या. त्यांनी निरांजनात वात घातली, द्रोणात पेढे ठेवले. दर वर्षी आरतीला वीसेक माणसं दाटीवाटीने उभी असायची. काडेपेटी हातात धरून त्या दाराकडे बघत राहिल्या आणि कुणासाठी थांबायचं का, असं त्यांनी विचारलं.

भगवंतरावांनी बूट काढून भिंतीशी ठेवले.

"नको," ते म्हणाले. "सगळे आलेत. करा सुरू."