एकावरच खूण करा

नोंदणी खात्याच्या साहेबांनो, तुमच्या अर्जाने एका सोळा वर्षांच्या पोरीचं घर फोडायला घेतलंय! 'महानायक की खलनायक, एकावरच खूण करा; दुसऱ्या गटाशी नातं तोडावं लागेल.' तिचे बाबा शहर वाचवणारे महानायक, आई बोटांतून आग फेकणारी खलनायिका. दिवसभर दोघं गच्च्यांवरून झुंजायची. संध्याकाळी आई स्वतःच जाळलेली बाबांची पाठीवरची केप शिवायला बसायची. "आज जरा जास्तच पेटली होतीस," बाबा कुरकुरले. "मग डबा विसरून का गेलात?" आई फणकारली. पोरगी सुईत दोरा ओवत होती. "आई, रोज डाव्या खांद्यावरच कशी गं जाळतेस?" आई लाजली. "तिथं आतून जाड अस्तर लावलंय. ह्यांना चटका बसायला नको." पोरीने पेन उचललं. अर्जातले दोन्ही चौकोन कोरे ठेवून खाली ठसठशीत लिहिलं: "माझी आई कुठल्या चौकोनात बसते? आधी उत्तर द्या!"