अंगणातलं सुटं सगळं

"अहो, पाणी सोडू नका," नेरेइदा म्हणाली. "तुम्ही नका त्रास घेऊ. मी बघते."

क्रिस्टनने पंपाच्या बटणावरचा हात काढून घेतला. वादळात धो धो पाऊस पडणार, परसातला पोहण्याचा तलाव भरून वाहणार, म्हणून तो आधीच रिकामा करावा असं तिला वाटलं होतं. मिनेसोटाच्या बर्फातून आलेल्या मुलीला दक्षिणेतल्या, दलदलीवर वसलेल्या हायलियाची जमीन काय ठाऊक! हातभर खणली की इथे पाणी लागतं. रिकामा तलाव अशा पावसात होडीसारखा वर उचलला जातो, फरश्यांसकट. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. क्रिस्टनच्या नवऱ्याने, योएलने असलं काही केलं असतं, तर त्याच्या आईने, म्हणजे नेरेइदानेच, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, त्यात आपणही आलो हे विसरून.

सुनेकडे पाहून ती नुसती हसली. पाणी वीतभर कमी केलं, क्लोरिन ओतलं, पंपाची वीज बंद केली. मग म्हणाली, "तुम्ही बसा. कॉफी घ्या."

तेच तर दुखणं होतं. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी सासूच्या तोंडचं 'तुम्ही' काही जात नव्हतं. नेरेइदा साऱ्या जगाला अरेतुरे करायची. टपालवाल्याला, चर्चमधल्या पाद्रीबाबांना, शेजारच्या कोंबड्याला. घरातल्यांना तर वर शिव्या. क्रिस्टन तेवढी 'तुम्ही'. तिच्यासाठी कपसुद्धा ठेवणीतला निघायचा. त्या ठेवणीतल्या कपातून कॉफी पिऊन पिऊन ती रडकुंडीला आली होती.

एकदा ती नवऱ्यापाशी खरंच रडली, तेव्हा योएल हसत सुटला. "अगं, आई ज्याला आपलं मानते त्यालाच झोडपते. ज्या दिवशी ती तुला गाढव म्हणेल ना, त्या दिवशी अख्खं डुक्कर भाजू आणि गल्लीला जेवायला घालू!"

योएल विजेच्या तारा जोडणारा. वादळ जाईपर्यंत तो काही घरी येणार नव्हता. नेरेइदा पाव आणि बॅटऱ्या आणायला निघाली. सून दारापर्यंत मागे मागे आली, तेव्हा तिला थोडी दया आली असावी.

"तुम्हाला काही करायचंच असेल, तर अंगणातलं सुटं सगळं तलावात सोडा. वाऱ्याने काही उडता कामा नये."

या घरात मिळालेलं पहिलं काम! क्रिस्टनने बाह्या सरसावल्या. खुर्च्या बुडबुड करत तळाशी गेल्या. त्यांच्यामागोमाग डॉमिनो खेळायचं टेबल गेलं. सिमेंटचा फ्लेमिंगो गेला. मग ती आंब्याखालच्या देवळीपाशी आली.

देवळीत काचिता उभी होती. क्यूबाची लाडकी दर्यामाता, पिवळ्या झग्यातली, कडेवर बाळ घेतलेली, पायाशी होडी आणि होडीत तीन नावाडी. क्रिस्टनने तिला हळूच हलवून पाहिलं. हलली. म्हणजे सुटी. क्रिस्टन जरा घुटमळली, पण वारा वाढत होता आणि हुकूम स्पष्ट होता. तिने मूर्ती पोटाशी धरली, पायऱ्या उतरून पाण्यात गेली आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये तिला नीट उभी करून आली. जमेल तशी क्रुसाची खूणही केली.

दर वादळात नेरेइदा काचिताला घरात आणायची, पाठीशी उशी देऊन सोफ्यावर बसवायची आणि वादळ ओसरेपर्यंत तिच्याशी भांडत राहायची. घरातल्यांना हे सांगावं लागत नव्हतं. आणि पाहुणीला कोण सांगणार?

पहिले थेंब पडायला लागले आणि नेरेइदा आली. ती तडक आंब्याखाली गेली. देवळी रिकामी होती.

"काचिता कुठाय?"

क्रिस्टनने पाण्याकडे बोट केलं.

नेरेइदा वाकली. तळातून देवी तिच्याकडे शांतपणे बघत होती. पावाची पिशवी हातातून गळून पडली.

"अगं गाढवे!" ती अशी ओरडली की समोरच्या घरी खिडक्यांवर फळ्या ठोकणारे हातोडे थांबले. "वेड लागलंय का तुला? खुर्च्यांबरोबर बुडवलीस माझ्या आईला? डोकं काय मिनेसोटालाच ठेवून आलीस? बघत काय उभी राहिलीस, उतर खाली! डावीकडून धर! हळू, बाळाचा हात मोडशील, आंधळे!"

नेरेइदाही कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. दोघींनी मिळून मूर्ती वर काढली. कुठे साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. क्रिस्टन छातीभर पाण्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंड मात्र हसत होतं.

"माझं चुकलं, सेन्योरा," ती म्हणाली.

"सेन्योरा कोण मेली इथे?" नेरेइदा काठावर बसून धापा टाकत होती. मग तिलाच हसू फुटलं. "ही आपल्या लोकांना सापडली तीही दर्यावर, वादळानंतर, तरंगताना. पण तेव्हा कोरडी ठणठणीत होती गं बये! इतक्या वर्षांत हिला भिजवणारी तूच पहिली! जा, टॉवेल आण. आधी तिला, मग आपल्याला."

थोड्या वेळाने योएलचा फोन आला. बाहेर आता पावसाची झड लागली होती. सोफ्यावर काचिता टॉवेल गुंडाळून बसली होती आणि तिच्या शेजारी क्रिस्टन, कानतुटक्या कपातून कॉफी पीत.

"सगळं ठीक ना? तुझा आवाज असा का येतोय? रडतेयस का?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली, "फोन ठेव आणि आधी कोरडे कपडे घाल, गाढवे!"

"ऐकलंस?" क्रिस्टन नाक पुसत म्हणाली. "डुक्कर सांगून ठेव."